आधी कागद, मग पडदा: वर्गातील सर्जनशीलतेसाठी तंत्रज्ञान कसे वापरावे

एकाच विषयावर वर्गातल्या चाळीस विद्यार्थ्यांनी केलेली स्लाइडची सादरीकरणे ओळीने पाहिली, तर पाचव्या-सहाव्या सादरीकरणानंतर पुढच्यात काय असेल याचा अंदाज येऊ लागतो. मांडणीचा तोच तयार साचा, शोध घेतल्यावर पहिल्या ओळीत दिसणारे तेच छायाचित्र, आणि कुठून तरी उचललेली, मुलाच्या तोंडी एरवी कधीही न येणारी वाक्ये. संगणक वापरला गेला, तासही भरला, पण कोणी काही घडवले असे म्हणता येत नाही, कारण रंग, क्रम, मांडणी आणि शब्द हे सगळे निर्णय मुलाच्या आधी सॉफ्टवेअरने घेऊन टाकलेले असतात. म्हणून वर्गात एखादे उपकरण किंवा ॲप आणण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारावा: या कामातले महत्त्वाचे निर्णय कोण घेणार आहे? उत्तर ‘विद्यार्थी’ असे नसेल, तर ते ॲप कितीही आकर्षक असले तरी त्या तासापुरते बाजूला ठेवावे.

तंत्रज्ञान सर्जनाला सर्वांत मोठी मदत करते ती चूक स्वस्त करून. कागदावर रंग वाळला की तो काढता येत नाही, चिकटवलेले चित्र उचकटले की फाटते, आणि तीन पानी निबंध पुन्हा लिहायचा म्हटले की मूल पहिलाच मसुदा बरा मानून मोकळे होते. पडद्यावर मात्र एक पाऊल मागे जाता येते, जुनी आवृत्ती जपून ठेवून नवी करता येते, आणि ‘असे केले तर काय होईल’ या प्रश्नाचे उत्तर काही सेकंदांत मिळते. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तिच्या मुळाशी हाच विचार होता. लोगोमध्ये मूल एका कासवाला ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा देऊन आकृत्या काढते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो म्हणून मूल कासवाला ६० अंश वळवते आणि त्रिकोण काही बनत नाही, कारण वळण्याचा कोन १२० अंश असावा लागतो. पण तीच ‘चुकीची’ आज्ञा सहा वेळा दिली की षट्कोन तयार होतो. चुकलेल्या आज्ञेला लाल फुली न मारता ‘हिच्यातून काय निघते ते पाहू’ असे म्हणता येणे, ही सवय वर्गात रुजवायची असेल तर पुढील पद्धत उपयोगी पडेल.

काम कसे नेमून द्यावे

‘पर्यावरणावर काहीतरी सर्जनशील करा’ असे सांगितले की मुले गोंधळतात आणि सुरक्षित वाटेने जातात. पूर्ण मोकळीक दिल्याने कल्पकता वाढते असा समज आहे; माझ्या मते नवशिक्या विद्यार्थ्याला नेमकी मर्यादा अधिक मदत करते. काम सांगताना एक गोष्ट ठरवून द्यावी, एक गोष्ट वर्ज्य करावी, आणि उरलेले सर्व खुले सोडावे. उदाहरणार्थ: ‘वाट पाहणे’ हा अनुभव ऐकणाऱ्याला जाणवेल असे ३० सेकंदांचे ध्वनिमुद्रण तयार करा, मात्र त्यात एकही शब्द बोलायचा नाही. वेळेची मर्यादा ठरलेली आहे, शब्दांना बंदी आहे, पण घड्याळ, पावले, दाराची कडी, श्वास, शांतता यांपैकी काय घ्यायचे आणि कोणत्या क्रमाने, हे पूर्णपणे मुलांच्या हाती आहे. शब्द वर्ज्य झाल्यामुळे माहितीस्थळावरून मजकूर उचलण्याचा मार्ग आपोआप बंद होतो, हा या रचनेचा आणखी एक लाभ.

साधन निवडण्यासाठी पेपर्ट यांची एक उपमा आजही कामाची आहे: जमीन खाली असावी आणि छत उंच असावे, म्हणजे सुरुवात कोणालाही करता यावी आणि पुढे जाणाऱ्याला अडसर येऊ नये. त्यांच्या परंपरेत काम करणारे मिचेल रेझ्निक यांनी तिच्यात रुंद भिंतींची भर घातली, म्हणजे एकाच साधनातून वेगवेगळ्या आवडींच्या मुलांना वेगवेगळ्या दिशांनी जाता यावे. मला ही तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या ॲपमधून चाळीस जणांची चाळीस कामे सारखीच बाहेर पडतात, त्याच्या भिंती अरुंद आहेत असे खुशाल समजावे.

काम समजावताना आपण सवयीने एक उत्तम नमुना दाखवतो, आणि तिथेच नुकसान होते. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आराखडे करणाऱ्यांना आधी एक नमुना दाखवला असता त्यांच्या स्वतःच्या आराखड्यांत त्या नमुन्याची वैशिष्ट्ये उतरली, आणि त्यातले दोषसुद्धा उतरले. शिकलेल्या अभियंत्यांचे असे होते, तर शाळकरी मुलांचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. नमुना दाखवायचाच असेल तर एकमेकांशी मुळीच न जुळणारे तीन दाखवावेत, किंवा एकच अर्धवट काम दाखवून ‘हे इथे अडले आहे, पुढे काय काय करता येईल?’ असे विचारावे.

पहिला अर्धा तास उपकरणाविना

कल्पना सुचण्याच्या वेळी पडदा समोर नसावा, हा नियम मी आग्रहाने मांडतो. पडदा उघडला की मुले लगेच अक्षरांचे वळण, पार्श्वभूमीचा रंग आणि तयार चित्रे निवडण्यात गुंततात, आणि कल्पना पक्की होण्याआधीच तिची सजावट सुरू होते. पहिली पंधरा मिनिटे प्रत्येकाने स्वतंत्रपणे आणि शांतपणे कागदावर लिहावे किंवा चित्र काढावे, आणि किमान पाच कल्पना मांडाव्यात. पहिल्या दोन बहुधा सर्वांच्या सारख्याच असतात. वेगळेपण साधारणपणे त्यांच्यानंतर येते, म्हणून संख्या ठरवून द्यावी.

गटात मोठ्याने चर्चा करून कल्पना गोळा करण्याची प्रथा लोकप्रिय असली तरी तिच्यात एक अडचण आहे. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ साली दाखवून दिले की एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि त्या थांबण्यात कल्पना निसटतात. एकेकट्याने लिहिलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्यांची संख्या बोलक्या गटापेक्षा अधिक भरते. शिवाय वर्गात जी तीन-चार मुले नेहमी बोलतात, त्यांच्याच कल्पना पुढे सरकतात. यावर बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ साली सुचवलेली लेखी पद्धत चांगली आहे: सहा जणांच्या गटात प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या, मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, आणि शेजाऱ्याने आधीच्या कल्पना वाचून त्यांच्यावर आधारित किंवा स्वतंत्र अशा आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ नोंदी होतात.

उपकरणाचा पहिला योग्य प्रवेश येथे होऊ शकतो. हीच पद्धत सामायिक स्प्रेडशीटमध्ये केली तर कागद फिरवावे लागत नाहीत, अक्षर न लागण्याचा प्रश्न राहत नाही, आणि नावाऐवजी क्रमांक दिल्यास लाजरे मूलही मोकळेपणाने लिहिते. कोणाची कल्पना कोणी पुढे नेली हे ओळींवरून दिसत राहते, ही बाब पुढे श्रेय देताना उपयोगी पडते. शेवटी प्रत्येक गटाने एकच कल्पना निवडावी आणि ती का निवडली याचे एक वाक्य लिहून ठेवावे. ते वाक्य जपावे. मूल्यमापनाच्या वेळी त्याची गरज लागते.

एक काम सविस्तर: फोनवर हलती चित्रे

एका गटामागे एकच फोन किंवा टॅबलेट उपलब्ध असेल, तरी स्टॉप मोशन हा प्रकार करता येतो, आणि विषयाची समज वाढवण्यासाठी याच्या तोडीचे काम मला क्वचितच आढळले आहे. वस्तू थोडी सरकवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, पुन्हा छायाचित्र घ्यायचे, आणि सगळी छायाचित्रे वेगाने दाखवली की वस्तू चालल्याचा भास होतो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी दाखवण्याची रीत असली तरी वर्गासाठी १० पुरेशा आहेत. यातले गणित मुलांनाच करू द्यावे: २० सेकंदांच्या चित्रफितीसाठी २०० छायाचित्रे लागतील, आणि प्रत्येक स्थितीची दोन छायाचित्रे घेतली तर वस्तू फक्त १०० वेळा सरकवावी लागेल. हा हिशेब झाला की ‘पाच मिनिटांची गोष्ट करू’ म्हणणारा गट स्वतःच गोष्ट छाटू लागतो.

आधी कागदावर सहा चौकटी आखून कथा चित्रांत मांडावी. मग फोन पक्का बसवावा. तिपाई नसेल तर दोन वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये तो अडकवता येतो किंवा बाकाच्या कडेला चिकटपट्टीने बांधता येतो, पण छायाचित्र घेताना तो जरासाही हलता कामा नये. कॅमेऱ्याचा फोकस आणि प्रकाशाचे प्रमाण कुलूपबंद करावे, अन्यथा प्रत्येक छायाचित्राची उजळता बदलते आणि चित्रफीत लुकलुकते. खिडकीजवळ बसण्याचा मोह टाळावा, कारण ढग सरकले की उजेड बदलतो. एकच स्थिर दिवा बरा. स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या ॲपमध्ये आधीचे छायाचित्र पुसट दिसत राहते, त्यामुळे वस्तू किती सरकली याचा अंदाज येतो.

यानंतरची पायरी कधीही वगळू नये: आधी फक्त दोन सेकंदांची, म्हणजे २० छायाचित्रांची चाचणी घ्यावी आणि ती सर्व गटाने पाहावी. चाचणीत हात दिसतो, वस्तू फार वेगाने पळते, मागचा कागद हलतो, आणि हे सगळे दिसल्यावर कोणी रागावण्याची गरज उरत नाही, कारण २० छायाचित्रे पुसून पुन्हा घ्यायला दहा मिनिटेही लागत नाहीत. चार जणांच्या गटात एकाने वस्तू हलवावी, दुसऱ्याने छायाचित्र घ्यावे, तिसऱ्याने चौकटींच्या आराखड्याशी ताडून पाहावे, चौथ्याने आवाजाची तयारी करावी, आणि दर २५ छायाचित्रांनंतर कामे बदलावीत. तसे केले नाही तर फोन एकाच मुलाच्या हातात राहतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात.

विषयाशी सांगड येथे घट्ट बसते. पेशीविभाजनाचे टप्पे पाठ असलेल्या विद्यार्थ्याला तेच टप्पे मातीच्या गोळ्यांनी हलवून दाखवायला सांगितले, की तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याच्या मध्ये नेमके काय घडते हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडतो, कारण पुस्तकातल्या आकृतीत मधली जागा रिकामी असते आणि चित्रफितीत ती भरावीच लागते. इतिहासातील एखाद्या निर्णयाच्या दोन बाजू, अपूर्णांकांची बेरीज, कवितेतील एक प्रतिमा, असे अनेक विषय या रीतीने हाताळता येतात. गुणसूत्रांना कोणते रूप द्यायचे, दोरा, शेंगा की काडेपेटीच्या काड्या, हा निर्णय मुलांचा; मात्र ते रूप का निवडले याचे उत्तर त्यांना देता आले पाहिजे.

आवाज, कोड आणि आकृत्या

ध्वनीची कामे स्वस्त आणि सोपी असतात. फोनवर मुद्रण करावे आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे आवाज एकावर एक रचावेत. लिहिताना अडखळणाऱ्या मुलांची कल्पनाशक्ती येथे अनेकदा पहिल्यांदा दिसून येते, म्हणून वर्षातले पहिले काम ध्वनीचे ठेवावे असे मी सुचवेन.

कोडसाठी स्क्रॅच हे साधन अजूनही सर्वांत विश्वासाचे आहे. एमआयटी मीडिया लॅबमधील रेझ्निक यांच्या गटाने ते २००७ साली सर्वांसाठी खुले केले. ते मोफत आहे, इंटरनेट नसतानाही संगणकावर बसवून वापरता येते, आणि पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर ही वेगळी आवृत्ती आहे. त्यातील खरी मौलिक सोय म्हणजे कोणत्याही प्रकाशित प्रकल्पाच्या आत डोकावून तो कसा बांधला आहे हे पाहता येते, आणि त्यावर आपला नवा प्रकल्प उभा करता येतो. मूळ कर्त्याचे नाव नव्या प्रकल्पावर आपोआप नोंदले जाते. म्हणून पहिल्या दिवशी रिकामा पडदा देऊ नये. चालू स्थितीतला एक छोटा खेळ द्यावा आणि त्यात तीन बदल करायला सांगावेत: एक दिसण्यातला, एक नियमातला, आणि एक असा की ज्यामुळे खेळाचा अर्थच बदलेल. पहिला बदल सगळ्यांना जमतो, दुसऱ्यासाठी कोड वाचावा लागतो, आणि तिसऱ्यासाठी विचार करावा लागतो. पाठलागाचा खेळ भेटीचा खेळ होतो, गुण मिळवण्याऐवजी ते वाटून टाकायचे ठरते.

गणितात जिओजेब्रा या मोफत साधनाचा वापर बहुधा प्रमेय पडताळण्यापुरता होतो. त्याऐवजी ‘फक्त समीकरणे वापरून चेहरा काढा’ असे सांगितल्यास स्मितरेषेसाठी परवलयाचा कोणता सहगुणक बदलायचा याचा शोध मुले स्वतः घेतात, आणि ऋण चिन्ह दिले की हसरा चेहरा रडका होतो हे त्यांना पुन्हा शिकवावे लागत नाही.

संगणक कक्ष आठवड्यातून एकदाच मिळत असेल, तर वर्गाची चार ठिकाणी विभागणी करावी: एका ठिकाणी आराखडा, दुसऱ्या ठिकाणी साहित्य, तिसऱ्या ठिकाणी उपकरण, चौथ्या ठिकाणी एकमेकांच्या कामावर चर्चा. दर वीस मिनिटांनी गट पुढे सरकतात आणि एकच उपकरण चार गटांना पुरते.

कृत्रिम बुद्धिमत्ता वर्गात आली तर

मजकूर आणि चित्रे तयार करून देणारी साधने आता मुलांच्या हाताशी आहेत, आणि त्यांच्याकडे डोळेझाक केल्याने ती नाहीशी होणार नाहीत. युनेस्कोने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात वर्गातील वापरासाठी किमान वय १३ वर्षे असावे असे सुचवले आहे. त्याहून लहान मुलांच्या वर्गात शिक्षकाने स्वतः साधन हाताळावे आणि उत्तर सर्वांना पडद्यावर दाखवावे. विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र किंवा खासगी माहिती अशा साधनात कधीही भरू नये.

अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउसर यांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्या लेखकांना अशा साधनाकडून कल्पना मिळाल्या, त्यांच्या छोट्या कथा वाचकांना अधिक सर्जनशील वाटल्या, विशेषतः ज्यांना एरवी कमी सुचते अशा लेखकांच्या. मात्र त्या कथा एकमेकींशी अधिक मिळत्याजुळत्या होत्या. एकट्या विद्यार्थ्याचे काम सुधारलेले दिसते आणि पूर्ण वर्गाचे वैविध्य आटते, हे फक्त शिक्षकालाच दिसू शकते, कारण सगळी कामे एकत्र तोच पाहतो.

त्यामुळे क्रम बदलू देऊ नये: स्वतःच्या पाच कल्पना आधी कागदावर, मग साधन. त्यानंतर साधनाला त्याच विषयावर गोष्ट लिहायला सांगावी आणि तिच्यात आलेले ठरावीक प्रसंग, नावे, शेवट यांची फळ्यावर ‘टाळायची यादी’ करावी. एकाच प्रश्नाची दोन-तीन उत्तरे मागवली की साचा स्पष्ट दिसतो, आणि ‘यापैकी काहीही न वापरता लिहा’ ही मर्यादा मुलांना चांगलीच चेव आणते. दुसरा उपयुक्त वापर म्हणजे मसुदा झाल्यावर साधनाला ‘दुरुस्त करू नकोस, फक्त वाचकाला पडतील असे पाच प्रश्न विचार’ अशी सूचना देणे. उत्तरे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावीत.

प्रतिसाद, गुण आणि जतन

बक्षिसांबाबत सावध राहावे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतील मुलांवर केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्याबद्दल प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगून ज्यांना ते दिले, त्या मुलांनी नंतर मोकळ्या वेळात चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवला. अनपेक्षितपणे प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र घटली नाही. बिल्ले, तारे आणि गुणतक्ते दाखवणारी ॲप वर्गात सर्जनशील कामासाठी वापरण्याआधी हा प्रयोग आठवावा.

गुण द्यावेच लागतात, हे मान्य. अशा वेळी अंतिम फाइलच्या देखणेपणाला कमीत कमी भार द्यावा, नाहीतर घरी चांगला संगणक असलेल्या मुलाचाच कायम फायदा होतो. त्याऐवजी प्रत्येकाकडून तीन आवृत्त्या आणि एक लहान टिपण घ्यावे: दुसऱ्या आवृत्तीत काय बदलले, कोणाच्या सूचनेवरून बदलले, कोणती सूचना नाकारली आणि का. सामायिक दस्तऐवजात आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो. इतर ठिकाणी फाइलच्या नावात क्रमांक घालण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. कल्पना निवडताना लिहून ठेवलेले ते एक वाक्य या टिपणाशेजारी ठेवले, की मूल कुठून कुठे आले ते कळते. नाकारलेल्या सूचनेचे कारण नीट सांगता येणे हे माझ्या दृष्टीने सर्वांत जास्त गुणांचे उत्तर आहे.

मुलांनी एकमेकांना प्रतिसाद देताना ‘छान’ आणि ‘आवडले नाही’ या दोन्ही शब्दांना मनाई असावी. ‘मला या ठिकाणी असे वाटले’, ‘येथे मी गोंधळलो’ आणि ‘असे केले तर काय होईल?’ अशा तीन वाक्यांनी सुरुवात करायला सांगावे.

दुसऱ्यांची चित्रे आणि संगीत वापरताना क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने समजावून सांगावेत. हे परवाने २००२ सालापासून उपलब्ध आहेत, आणि कर्त्याने कशाची मुभा दिली आहे हे ते स्पष्ट करतात: नाव देऊन वापरता येईल का, बदल करता येईल का, व्यावसायिक उपयोग चालेल का. मग मुलांना स्वतःच्या कामासाठीही परवाना निवडू द्यावा. आपल्या कामाचे काय व्हावे हे ठरवताना श्रेयाचा अर्थ त्यांना अधिक नेमका कळतो. चेहरे किंवा आवाज असलेले काम पालकांच्या लेखी संमतीशिवाय शाळेबाहेर प्रसिद्ध करू नये.

सत्राच्या शेवटी सर्व फाइली दोन ठिकाणी साठवाव्यात, आणि अर्धवट राहिलेल्या कामांचा एक वेगळा फोल्डर करावा. त्यातली कामे, त्यांच्या कर्त्यांची परवानगी घेऊन, पुढच्या वर्षीच्या वर्गाला पहिल्या तासाला द्यावीत, आणि ‘हे इथे अडले आहे’ असे सांगून कागद वाटावेत.